शांती आणि पवित्रतेच्या मागं लागायचं म्हणजे सोमवार ते शनिवार नेमकं काय करायचं

बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या १२ व्या अध्यायात १४ वं वचन आहे, की सगळ्यांबरोबर शांतीनं राहायचा आणि पवित्रीकरण मिळवायचा झटून प्रयत्न करा, त्या पवित्रीकरणाशिवाय कुणालाच प्रभू दिसणार नाही. रविवारी हे ऐकताना आपल्या सगळ्यांच्या माना हलतात, आणि सोमवारी सकाळी सामाईक पाण्याची मोटर कुणी चालू ठेवली यावरून जावेशी बोलणं बंद होतं. हे दुसऱ्या कुणाचं नाही, माझ्याच घरातलं आहे. आमच्या दोघींचं बोलणं सहा वर्षं बंद होतं आणि त्या सहा वर्षांत मी एकही उपासना चुकवली नव्हती.

मी मिरजेत तीस वर्षं नर्सिंग केलं, आता रिटायर होऊन सांगलीत सासरच्या जुन्या घरात राहते. पाळकांसारखं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंसारखं, शिक्षण माझं नाही. पण हे वचन रोजच्या कामात कसं आणायचं हे मला फार ठेचा खाऊन कळलंय, म्हणून जे करून बघितलं आणि टिकलं तेवढंच लिहिते.

सुरुवातीलाच एक सांगते, नाहीतर पुढचं सगळं ओझं वाटेल. हे सगळं केलं की देव आपल्याला जवळ घेईल असं नाहीये. त्यानं येशूमध्ये आधीच जवळ घेतलंय, त्याच पत्राच्या १० व्या अध्यायात लिहिलंय की ख्रिस्ताच्या एकदाच झालेल्या अर्पणानं आपण पवित्र झालोय. ज्या घरात घेतलंय त्या घराची रीत शिकणं म्हणजे हे. पण शिकायला कष्ट आहेत. मूळ ग्रीकमध्ये "झटून प्रयत्न करा" यासाठी दिओको असा शब्द आहे, त्याचा अर्थ पाठलाग करणं. दिमिष्क शहराच्या वाटेवर प्रभू शौलाला, जो पुढं पौल झाला त्याला, विचारतो ना, माझा छळ का करतोस, तिथं छळासाठी हाच शब्द आहे. शौल ज्या नेटानं ख्रिस्ती लोकांच्या मागं गावोगाव फिरला त्या नेटानं शांतीच्या मागं जायचं आहे, नुसतं "प्रभू शांती दे" म्हणून खुर्चीत बसून राहायचं नाही.

आधी दोन्ही शब्द नीट कळू देत

मराठी माणसाला पवित्र म्हटलं की सोवळं आठवतं. शिवायचं नाही, लांब राहायचं, भांडी वेगळी. आपल्या आज्या-पणज्या विश्वासात आल्या, पिढ्या गेल्या, तरी शब्दाचा तो वास गेलेला नाही. म्हणून मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांत, पवित्र माणूस कोण तर जो सिनेमा बघत नाही, अमक्याच्या घरी जेवत नाही, तमकीच्या लग्नाला जात नाही. म्हणजे जितकं लांब तितकं पवित्र.

मला हा शब्द ऑपरेशन थिएटरमध्ये कळला. ऑटोक्लेव्हमधून १२१ अंशाला तापून ट्रे बाहेर यायचा, हिरव्या कापडात गुंडाळलेला, वरच्या टेपवर काळ्या रेघा उमटल्यात का बघायच्या, उमटल्या असतील तरच घ्यायचा. त्याला उघड्या हातानं कुणी शिवायचं नाही, तो वेगळा काढलेला. बायबलमध्ये पवित्र शब्दाचा अर्थ हाच आहे, देवासाठी वेगळं काढलेलं. पण तो ट्रे वेगळा काढला कशासाठी? कपाटात शोभेला ठेवायला? तो सरळ जखमेत जाणार, रक्तात जाणार, पुवात जाणार. जखमेला हात लावता यावा म्हणूनच तो स्वच्छ केलाय. प्रभू येशूनं कुष्ठरोग्याला हात लावला तेव्हा प्रभू विटाळला नाही, तो माणूस शुद्ध झाला. माणसांपासून लांब नेणारी पवित्रता असेल तर ती सोवळं आहे, पवित्रीकरण नाही.

आणि शांतीचंही तसंच. आपल्याकडं शांती म्हणजे "मिटवून टाका", "जाऊ दे", "चारचौघांत तमाशा नको". यिर्मया ६:१४ मध्ये देव रागावून म्हणतो की हे लोक माझ्या प्रजेची जखम वरवर बरी करतात आणि शांती नसताना शांती शांती म्हणतात. वॉर्डात हे मी कितीदा बघितलंय. वरून खपली छान धरलेली, पेशंट म्हणतो सिस्टर बरं वाटतंय, आणि बोटानं कडेला जरा दाबलं की जागा गरम लागते, पेशंटचा चेहरा बदलतो. आत पू असतो. ती जखम परत उघडावीच लागते, पू काढून आत गॉज भरायचा आणि खालून वर भरत यायची वाट बघायची, त्याला दिवस लागतात. पवित्रतेशिवाय जी शांती असते ती अशी खपलीसारखी असते. आणि शांतीशिवाय जी पवित्रता असते ती नुसतीच कापत सुटते, टाके घालतच नाही. एका वाक्यात दोन्ही शब्द का आलेत हे मला असं समजलं.

सकाळी, फोन हातात घ्यायच्या आधी

फार मोठं काही नाही, पंधरा मिनिटं. स्तोत्र १५ वाचायचं, ते पाचच वचनांचं आहे, आणि त्यात देवाच्या डोंगरावर कोण राहील याचं उत्तर बघा, जो जिभेनं चुगली करत नाही, जो शपथ घेतली की नुकसान झालं तरी फिरवत नाही, जो लाच घेत नाही. सगळं घरातलं आणि बाजारातलं. मग स्तोत्र १३९ ची शेवटची दोन वचनं, देवा मला पारखून बघ, ही प्रार्थना म्हणून म्हणायची, आणि दोन मिनिटं गप्प बसायचं. या दोन मिनिटांत ज्याचं नाव आलं की पोटात गोळा येतो ते नाव कागदावर लिहायचं.

त्या नावासाठी आशीर्वाद मागायचा. "तिला सुबुद्धी दे" असा नाही, तो आशीर्वाद नाही ती तक्रार आहे. तिच्या मुलाच्या नोकरीसाठी, तिच्या गुडघेदुखीसाठी, तिच्या घरातल्या पाण्यासाठी. मला पहिले पंधरा दिवस शब्द तोंडातून बाहेर येत नव्हते, तरी म्हटलं. म्हणत गेलं की हळूहळू ते माणूस डोळ्यासमोर माणूस म्हणून यायला लागतं, त्याआधी नुसतं त्याचं भांडण येत असतं.

यादी करताना उलटी करा

ही पायरी बहुतेक लोक चुकवतात. आपण यादी करतो ती मला कुणी दुखावलं याची. पण मत्तय ५:२३ परत वाचा. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथं आठवलं की तुझ्या भावाच्या मनात *तुझ्याविरुद्ध* काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. म्हणजे प्रभू विचारतोय ते तुझ्यावर कोण नाराज आहे हे. प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेतो त्या विधीच्या, आधीच्या आठवड्यात ही यादी करावी असं मला वाटतं, आणि आठवडाभर आधी करावी, कारण शनिवारी रात्री आठवलं तर जायला वेळ कुठं असतो.

प्रत्येक नावापुढं दोनच गोष्टी लिहायच्या, माझी चूक नेमकी काय, आणि भरपाई काय करता येईल. "माझंही थोडं चुकलं असेल" हे लिहायचं नाही. थोडं म्हणजे किती, काय, कधी?

मी माझ्या जावेचं नाव लिहिलं तेव्हा आधी पानभर तिच्याच चुका लिहिल्या. मोटरचं बिल तिनं दिलं नाही, सासऱ्यांच्या आजारपणात आली नाही, भिंत घालताना एक फूट इकडं सरकली. मग माझी चूक लिहायला बसले तेव्हा पेन थांबलं. कारण मला माहीत होतं. महिला मंडळाच्या प्रार्थनेत मी उभी राहून म्हटलं होतं, बहिणींनो आमच्या धाकट्या जावेसाठी प्रार्थना करा, तिच्या घरात दारूचा प्रॉब्लेम आहे. आवाज अगदी प्रेमळ ठेवून. दोन दिवसांत सगळ्या मंडळीला कळलं की दीर पितात. ती त्यानंतर चर्चला यायची बंद झाली. सहा वर्षांच्या भांडणाचं कारण लोकांना मोटर वाटायचं, मलाही तसंच वाटून घ्यायला सोपं होतं.

माफी मागायला जाताना

व्हॉट्सअ‍ॅपवर नको, हात जोडलेली इमोजी म्हणजे माफी नाही. नाताळच्या दिवशी नको, सणाला समोरच्याला नाही म्हणता येत नाही आणि आपण तो फायदा घेतो. जेवणाच्या वेळेला नको, पाहुणे असताना नको. दुपारी चार-साडेचारला घरातलं काम उरकलेलं असतं ती वेळ बरी. सोबत कुणाला नेऊ नका, केक-बिक नेऊ नका, रिकाम्या हातानं जा.

बोलायचं कमी. चूक नाव घेऊन सांगायची, मग "मला माफ कर" असं स्पष्ट म्हणायचं, आणि थांबायचं. "पण" हा शब्द आला की माफी संपली. "तुला वाईट वाटलं असेल तर" हेही नको, त्यात चूक तिच्या वाटण्याची होते. आणि तिनं लगेच माफ केलंच पाहिजे असं धरून जायचं नाही, आपण मागायला गेलोय, वसूल करायला नाही.

मी गेले तेव्हा ती वाळलेले कपडे घडी घालत पलंगावर बसली होती. माझ्याकडं बघितलं आणि परत घडी घालायला लागली. मी उभ्यानंच म्हटलं की मंडळात मी तुझ्या घरची गोष्ट प्रार्थनेच्या नावाखाली सांगितली, ती मी तुला कमी दाखवायला सांगितली होती, मला माफ कर. तिनं एक टॉवेल दोनदा उलगडून परत घडी घातला. मग म्हणाली, "आत्ता आठवलं व्हय वैनी? माझी पोरगी सहा वर्षं शब्बाथशाळेला गेली नाही, तिला पोरं चिडवायची." मला त्या पोरीचं काहीच माहीत नव्हतं. मी काय बोलणार होते. थोडा वेळ उभी राहिले आणि "बरोबर आहे तुझं" म्हणून घरी आले. त्या दिवशी चहासुद्धा झाला नाही.

त्यानंतर भरपाईचं. गणना ५ मध्ये नियमशास्त्र सांगतं की पाप कबूल करायचं, नुकसान पूर्ण भरून द्यायचं आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा, आणि लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय तर चौपट द्यायला उठला. अब्रूचं नुकसान पैशानं भरत नाही. ते जिथं केलं तिथंच भरायचं असतं. पुढच्या मंडळाच्या सभेत मी उभी राहून सांगितलं की मी चुगली केली होती, ती प्रार्थनेची विनंती नव्हती. दीरांचं नाव परत काढलं नाही, तेवढं सांभाळायचं, नाहीतर माफीच्या नावाखाली परत तीच चुगली होते. पाय थरथरत होते माझे. पण त्या दिवशी रात्री झोप लागली.

चूक दुसऱ्याची असेल तेव्हा

मत्तय १८:१५ पासून प्रभूनं क्रम दिलाय, आधी तू आणि तो एकटे, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन, तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. आपल्याकडं हा क्रम पूर्ण उलटा चालतो, आधी ग्रुपवर, मग पाळकांकडं, मग नातेवाईकांत, आणि ज्याचं आहे त्याला शेवटी कुणाकडून तरी कळतं. पाळकांकडं गेलात तर तेही पहिलं हेच विचारतील की त्या माणसाशी बोललात का. न विचारणारे पाळक असतील तर तुम्ही स्वतःच स्वतःला विचारा.

एकट्यानं बोलायला जायच्या आधी हे ठरवा की मला नेमकं काय हवंय, भाऊ मिळवायचाय की मुद्दा जिंकायचाय. प्रभू म्हणतो त्यानं ऐकलं तर तू आपला भाऊ मिळवलास. मुद्दा मिळवलास असं म्हणत नाही.

रोमकरांस १२:१८ मध्ये पौलानं दोन अटी घातल्यात आणि मला त्यांचा फार आधार वाटतो, शक्य असेल तर, आणि निदान तुमच्या बाजूनं. म्हणजे काही ठिकाणी शक्य होणार नाही हे पौलालाही माहीत होतं. आपल्या बाजूचं काम पूर्ण झालं की दार उघडं ठेवायचं आणि घरी यायचं. रोज जाऊन दार वाजवायचं नाही.

गप्प बसणं म्हणजे शांती नव्हे

हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय, कारण कॅज्युअल्टीमध्ये "पडून हात मोडला" म्हणणाऱ्या बायका मी बघितल्यात आणि त्यातल्या काही आपल्याच मंडळीतल्या होत्या. त्यांना घरच्यांनी आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनीही सांगितलेलं असतं की सहन कर, प्रार्थना कर, ख्रिस्ती बाई कोर्टात जात नाही. हे चुकीचं आहे. मारहाण लपवून ठेवणं ही तीच पू भरलेली खपली आहे.

दावीद बघा. १ शमुवेल २४ मध्ये त्यानं आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजाला (हा वेगळा, जुन्या करारातला शौल) गुहेत हातात सापडलेला असताना सोडून दिलं, सूड घेतला नाही, शौल रडला, माझा मुलगा दावीद म्हणाला. पण अध्यायाचं शेवटचं वाक्य वाचा, शौल घरी गेला आणि दावीद आपल्या माणसांबरोबर गडावर गेला. क्षमा केली म्हणून तो शौलाबरोबर त्याच्या घरी राहायला गेला नाही. क्षमा लगेच देता येते, भरवसा परत यायला वेळ लागतो, आणि समोरचा बदलला नाही तर तो येतही नाही, आणि त्यात क्षमा करणाऱ्याचं पाप नाही. पौलानं फिलिप्पैमध्ये बेकायदा फटके मारणाऱ्या अधिकाऱ्यांना सांगितलं की आम्हाला तुरुंगातून गुपचूप काढू नका, स्वतः येऊन बाहेर न्या. शांतीचं शिकवणारा माणूसच कायद्याचा हक्क मागत होता.

तेव्हा घरात हात उचलला जात असेल तर ११२ ला फोन करा, महिलांसाठी १८१ आहे, लहान मुलांसाठी १०९८. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा ख्रिस्ती बाईलाही लागू आहे. आणि मंडळीतल्या बायांनो, अशी कुणी दाराशी आली तर आधी आत घ्या, उपदेश नको.

पैसा आणि वाटणी

लेवीय १९ हा पवित्रतेचा अध्याय, पवित्र व्हा कारण मी पवित्र आहे असं देव सांगतो आणि लगेच पुढं काय सांगतो ते बघून मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चकित झाले. शेताच्या कडेचं पीक गरिबाला ठेव. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडं ठेवू नको. बहिऱ्याला शिव्या देऊ नको. लोकांत चुगल्या करत फिरू नको. तराजू, वजनं आणि मापं खरी ठेव. उपासना आणि अर्पणंही त्या अध्यायात आहेत, पण मधे मधे सगळा बाजार आणि शेत. आपल्या भागात तर हे रोजचं आहे, तासगावकडं द्राक्षाच्या छाटणीला बायका येतात, हळदीच्या पेठेत वजनं चालतात, आपल्या घरी धुणंभांडी करणारी मावशी येते. तिचा पगार एक तारखेचा पाचवर गेला तर आपल्याला काही वाटत नाही, तिच्या घरी वाण्याचं बिल अडतं. पवित्रता इथून सुरू करा, एक तारखेला संध्याकाळच्या आत तिच्या हातात पैसे, न मागता.

जखऱ्याच्या शेवटच्या अध्यायात आहे की त्या दिवशी घोड्यांच्या घंटांवर परमेश्वरासाठी पवित्र असं लिहिलेलं असेल आणि यरुशलेमातलं प्रत्येक भांडं पवित्र असेल. हे शब्द आधी फक्त महायाजकाच्या कपाळावरच्या सोन्याच्या पट्टीवर असायचे. म्हणजे घरातली तवा-पातेली तिथवर पोचली.

वाटणीचं जरा लांबवून लिहिते, कारण ख्रिस्ती घरांतला निम्मा अबोला इथला असतो असं मला दिसतं. बरेच लोक धरून चालतात की मुलीला लग्नात दिलंय, आता तिचा काय हक्क. आपल्याला, म्हणजे ख्रिस्ती लोकांना, वारसाचा १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो आणि मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलगे-मुलींना सारखं असं त्यात आहे. मुलीचा हिस्सा मुलाएवढाच. बहिणीला हक्कसोड करायचा असेल तर तिनं तो मनानं करावा, रक्षाबंधनाला बोलावून, आईला रडायला लावून, सही घेऊन नाही. तशी सही कायद्यात बसली तरी लेवीय १९ मध्ये बसत नाही. बसून बोला, सातबारा नाहीतर प्रॉपर्टी कार्डाचा उतारा सगळ्यांसमोर टेबलावर ठेवा, कोण काय मागतंय ते लिहा, आणि एक बाहेरचा शहाणा माणूस मधे घ्या. करिंथकरांना पौलानं हेच विचारलं होतं, तुमच्यात दोन भावांचा निवाडा करील असा एकही शहाणा नाही का.

आणि हक्क आपला असूनही सोडायची वेळ कधी येते? उत्पत्ति २६ मध्ये इसहाकाच्या माणसांनी विहीर खणली, गरारचे गुराखी म्हणाले पाणी आमचं. त्यानं तिला एसेक म्हटलं, भांडण. दुसरी खणली, परत तेच, तिला सितना म्हटलं, म्हणजे वैर. तिसरी खणली तिथं कुणी भांडलं नाही, ती रहोबोथ, मोकळी जागा. पाण्याच्या पाळीवरून आणि बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या केस चालवणाऱ्या आपल्या मुलखात ही गोष्ट वाचली की पोटात कालवतं. पण बघा, इसहाक हात बांधून बसला नाही, तो खणत राहिला. आणि पुढं गरारचा राजा अबीमलेख स्वतः त्याच्याकडं आला, एकत्र जेवले आणि शपथ घेतली. सोडायचं तर स्वतःचं सोडावं, बायको-पोरांचं, बहिणीचं किंवा मजुराचं नाही. दुसऱ्याच्या ताटातलं देऊन आपण शांतीप्रिय म्हणवून घेऊ नये.

जीभ, ग्रुप आणि निवडणूक

माझा नियम आता एवढाच आहे की ज्याच्यासाठी प्रार्थना मागायची त्याची परवानगी घेतल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. ग्रुपवर तर नाहीच. नाव न घेता "एका बहिणीसाठी" म्हटलं आणि सगळ्यांना कळेल असे तपशील दिले तर ते नाव घेतल्यासारखंच. मंडळीच्या कमिटीची निवडणूक लागली की ग्रुपवर वचनांच्या लढाया सुरू होतात, एक गट एक वचन टाकतो दुसरा त्याच्यावर दुसरं. याकोब म्हणतो एकाच झऱ्यातून गोड आणि कडू पाणी येतं का. राग आलेला मेसेज लिहिला तर पाठवायचा नाही, सकाळी परत वाचायचा. दहातले नऊ सकाळी आपणच डिलीट करतो.

सर्वांबरोबर म्हणजे सर्वांबरोबर

वचनात फक्त मंडळीबरोबर असं नाहीये. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी चढलं, आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट, ते ५७ वर गेलं, तेव्हा आम्हाला वरच्या मजल्यावरून बोटीत घेणाऱ्या पोरांना आम्ही तुमची जात कुठली धर्म कुठला विचारलं नाही, त्यांनीही नाही. पाणी उतरल्यावर मात्र आपण परत आपापल्या दारात. शेजाऱ्याच्या घरी मयत झाली तर जा, त्यांच्या सणाला शुभेच्छा द्या, नाताळचा फराळ आधी त्यांच्याकडं पोचवा, आणि ज्यात आपला विवेक बसत नाही त्याला प्रेमानं, तोंड वाकडं न करता, नाही म्हणा. आपले ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक १९१७ मध्ये साताऱ्यात आले आणि देवाचा दरबार सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले येशूचे शिष्य एकत्र बसू शकतील असं त्यांना वाटत होतं. त्यावर वाद होऊ शकतो. पण साताऱ्याच्या अंगणात माणसं एकत्र बसवायची ती धडपड मला या वचनाच्या फार जवळची वाटते.

एकांतातलं

थोडक्यात लिहिते. १ थेस्सलनीकाकरांस ४:३ मध्ये पवित्रीकरण म्हटल्याबरोबर पौल शरीराचं बोलतो, जारकर्मापासून दूर राहा. आता ते फोनमध्ये आलंय. फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला लावायचा, बेडरूममध्ये नाही, मोठ्यांनीही. दारू सुटत नसेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरकडं जा, तो आजारही आहे, आणि रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर झटका येऊ शकतो म्हणून मनानं बंद करू नका. आणि एक माणूस असा ठेवा की ज्याला आपण खरं सांगतो, पुरुषानं पुरुष, बाईनं बाई. याकोब ५:१६ म्हणतो एकमेकांजवळ पापं कबूल करा. ज्याच्या पोटात गोष्ट राहते असा माणूस निवडा.

संध्याकाळी, आणि घसरल्यावर

सूर्य मावळायच्या आत राग सोडा असं इफिसकरांस ४:२६ मध्ये आहे. दिवेलागणीला पाच मिनिटं बसून विचारायचं, आज कुणावर ओरडले, कुणाचं देणं राहिलं. पोरांवर उगाच ओरडलो असू तर पोराला नाव घेऊन माफी मागायची, आईबाप माफी मागतात हे ज्या पोरानं बघितलंय त्याला १ योहान १:९, पापं कबूल केली तर देव क्षमा करतो, हे वेगळं शिकवावं लागत नाही. आणि आपण घसरणारच, रोज. उघडलेला ट्रे उद्याच्या पेशंटला चालत नाही, तो परत धुवून परत ऑटोक्लेव्हमध्ये जातो. त्याला कुणी फेकून देत नाही.

त्याच १२ व्या अध्यायात पुढच्या वचनात कडूपणाचं मूळ म्हटलंय, आणि आमचे मिस्टर म्हणतात ते लव्हाळ्यासारखं असतं, वरचं पातं उपटलं की शेत साफ दिसतं, आठ दिवसांत परत उगवतं कारण खाली गाठ राहिलेली असते. गाठीपर्यंत खणायला लागतं आणि एका हंगामात जात नाही.

आमची गाठ जायला अकरा महिने लागले. मी दर पंधरा दिवसांनी मोटरचं अर्धं बिल तिच्या दारात ठेवायचे, माझं अर्धं, आणि भिंतीचा फूट परत काढला नाही. मग एकदा तिची पोरगी माझ्याकडं इंजेक्शनचं विचारायला आली. मग एकदा दीर स्वतः. मग एका रविवारी ती मागच्या बाकावर येऊन बसली, कुणाशी न बोलता निघून गेली.

मागच्या महिन्यात संध्याकाळी मी मोटर बंद करायला गेले तर ती पायरीवर बसली होती गुडघा धरून. ऑपरेशन सांगितलंय म्हणाली. मी शेजारी बसले, गुडघा दाबून बघितला, रिपोर्ट मागितला. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "वैनी, मंडळात प्रार्थनेला सांगा माझं." आणि मी तिच्याकडं बघतच राहिले तशी म्हणाली, "नाव घेऊन सांगा. माझी परवानगी हाय."